ऑफिस आणि गोदामातलं वायफाय: अडथळे आणि रोमिंग कसं सोडवायचं

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात किंवा महापेच्या एखाद्या मजल्यावर उभं राहून फोनमधली वायफायची यादी उघडा. शेजारच्या गाळ्याचा राउटर, वरच्या मजल्याचं गेस्ट नेटवर्क, कुणाचा मोबाइल हॉटस्पॉट, आणि ‘डायरेक्ट’ने सुरू होणारं प्रिंटरचं नाव, असं बरंच काही दिसतं. तुमचे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे एपी, याच हवेत काम करतात. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांना थांबावं लागतं. शहरातल्या ऑफिसात रेंज सहसा पुरेशी असते. कमी पडतो तो हवेतला वेळ.

म्हणूनच नव्याने नेटवर्क हातात आलेला माणूस सगळ्यात आधी जे दोन उपाय करतो, ते बहुतेकदा उलटे पडतात. एक, आणखी एपी लावणं. दोन, पॉवर ‘हाय’ करणं. दोन्हींमुळे त्याच चॅनेलवरची गर्दी वाढते. पाच ते तीस एपी आणि त्यांचा कंट्रोलर किंवा क्लाउड डॅशबोर्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्याव्यात. एका दिवशी एकच बदल करा आणि तो तारखेसह लिहून ठेवा.

पायरी १: तक्रार नीट लिहून घ्या

‘वायफाय स्लो आहे’ एवढ्यावर काहीच करता येत नाही. कुठे, किती वाजता, कोणत्या उपकरणावर, बसलेलं असताना की चालताना, हे चारही प्रश्न विचारा. उत्तरातच अर्धं निदान असतं.

दुपारी एक ते दोनमध्ये पॅन्ट्रीच्या आसपास त्रास होत असेल, तर मायक्रोवेव्ह बघा. अकरानंतर सगळीकडे मंदावत असेल, तर चॅनेलवर गर्दी आहे. जागेवर बसून ठीक पण मीटिंग रूमकडे चालत जाताना कॉल तुटत असेल, तर तो रोमिंगचा, म्हणजे एका एपीवरून दुसऱ्यावर जाण्याचा, प्रश्न आहे. सकाळी लवकर येणाऱ्यांचं चालतं आणि उशिरा येणाऱ्यांना ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसतं, तर हवेचा काहीच दोष नाही, आयपी पत्ते संपलेत.

हा शेवटचा प्रकार इतका सर्रास आढळतो की आधी तोच तपासून बाजूला करा. स्लॅश २४ च्या जाळ्यात वापरता येणारे पत्ते २५४. नव्वद माणसं, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, म्हणजे १८० तिथेच गेले. त्यात पाहुणे आले. शिवाय आजचे फोन खरा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, लपवून बनावट पत्ता वापरतात. तो बदलला की एकाच फोनच्या नावावर दोन-तीन आयपी अडकून पडतात. आयपी पत्ते वाटतो तो डीएचसीपी. विंडोज सर्व्हरवर त्याची लीज, म्हणजे एक पत्ता राखून ठेवण्याची मुदत, मुळात ८ दिवसांची असते. वायफायसाठी ती ८ तासांवर आणा, गेस्टसाठी २ तासांवर. तरीही पुरत नसेल तर जाळं स्लॅश २३ करा, ५१० पत्ते मिळतील.

पायरी २: मोजा

दांड्यांवर विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशेबाने दाखवतो. आकडा हवा, आणि तो उणे डीबीएममध्ये मिळतो. शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल जोरदार.

अँड्रॉइडवर कुठलंही साधं वायफाय ॲनालायझर ॲप चालेल. आयफोनवर एअरपोर्ट युटिलिटी ॲप घ्या आणि सेटिंग्जमध्ये जाऊन त्यातला वायफाय स्कॅनर चालू करा. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज (हवेतला गोंगाट) आणि चॅनेल तिन्ही दिसतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा सिग्नल टक्क्यांत देते. त्याचं अर्ध करा आणि १०० वजा करा: ६६ टक्के म्हणजे उणे ६७ डीबीएम.

मजल्याचा नकाशा छापून घ्या आणि दर ५ मीटरवर थांबून तीन गोष्टी लिहा: कोणत्या एपीला जोडलेलं आहे, सिग्नल किती, आणि दुसऱ्या क्रमांकाचा एपी किती जोरात ऐकू येतो. आवाजी कॉल आणि व्हिडिओसाठी सिग्नल उणे ६७ किंवा त्याहून चांगला हवा, आणि नॉइजपेक्षा किमान २५ डीबी वर. नुसत्या मेल-ब्राउझिंगला उणे ७० चालतं. दुसरा एपी उणे ७५ च्या आत ऐकू आला पाहिजे, नाहीतर चालणाऱ्या माणसाला जायला पुढची जागाच नसते.

मोजणी भर कामाच्या वेळी करा. रविवारी रिकाम्या मजल्यावर घेतलेले आकडे फसवतात, कारण माणसाचं शरीरही सिग्नल ३ ते ५ डीबी खातं आणि नव्वद माणसांचे फोन त्या दिवशी गप्प असतात.

शेवटी कंट्रोलरवर प्रत्येक रेडिओचं चॅनेल युटिलायझेशन, म्हणजे चॅनेल किती टक्के वेळ व्यापलेलं असतं, ते बघा. ३०-४० टक्क्यांपर्यंत काळजी नाही. ५० च्या वर कॉलला त्रास सुरू होतो. ७० च्या वर पूर्ण सिग्नल असूनही काही धड चालत नाही.

पायरी ३: २.४ गिगाहर्ट्झ आवरा

या पट्ट्यात भारतात १ ते १३ चॅनेल आहेत, पण ती एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येक चॅनेल साधारण २० मेगाहर्ट्झ जागा घेतं. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. शेजारी ६ वर आहे म्हणून आपण ४ वर जाऊ, असं कधीही करू नका. एकाच चॅनेलवरचे दोन एपी एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळीपाळीने बोलतात. ४ आणि ६ एकमेकांना नीट ओळखत नाहीत. दोघांना एकमेकांचा नुसता गोंगाट ऐकू येतो आणि दोघांचीही पॅकेट खराब होतात. ६ वरच येऊन वाटून घेणं त्यापेक्षा बरं.

चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. नंतर निम्म्या एपींचे २.४ चे रेडिओ बंद करा. हे ऐकून लोक घाबरतात, पण २.४ च्या लहरी ५ गिगाहर्ट्झपेक्षा लांब जातात. सहा एपी असलेल्या मजल्यावर २.४ साठी तीन पुरतात, १, ६, ११ असे. हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, जुने प्रिंटर, काही स्कॅनर एवढ्यांसाठीच हा पट्टा राखून ठेवा.

आता वायफाय नसलेले अडथळे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधा ओव्हन प्रत्येक २० मिलिसेकंदांत साधारण अर्धा वेळ गोंगाट करतो. चॅनेल ६ आणि ११ ला त्याची जास्त झळ लागते. पॅन्ट्रीच्या भिंतीला लागून एपी लावू नका, पाच-सहा मीटर लांब ठेवा आणि त्या भागातली माणसं ५ गिगाहर्ट्झवर राहतील असं बघा. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा डॉकही २.४ मध्ये गोंगाट पसरवतात. वायरलेस माउस अडखळतो पण बाकी सगळं ठीक चालतं, अशी तक्रार आली की माउसचा रिसीव्हर छोट्या एक्स्टेंशन केबलने डॉकपासून दूर न्या.

आणि आपल्याच ऑफिसातला कचरा काढा. प्रिंटरच्या मेनूत जाऊन वायफाय डायरेक्ट बंद करा. ब्रॉडबँडवाल्याने दिलेल्या राउटरचं स्वतःचं वायफाय बहुतेक ठिकाणी तसंच चालू राहिलेलं असतं, तेही बंद करा. इंटरनेट त्यातूनच येत राहील. शेजारच्या गाळ्यातला राउटर तुमच्या भिंतीपलीकडे चॅनेल ३ वर असेल, तर जाऊन सरळ सांगा. चॅनेल १ वर नेल्याने त्यांचाही फायदा आहे, आणि पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ४: ५ गिगाहर्ट्झची आखणी

खरं काम इथे व्हायला हवं. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ असे मिळून ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले आहेत. रडारची अट नसलेली चॅनेल नऊ: ३६, ४०, ४४, ४८, १४९, १५३, १५७, १६१, १६५. मधली ५२ ते ६४ आणि १०० ते १४० ही डीएफएस चॅनेल, म्हणजे तिथे एपीला आधी रडार आहे का ते ऐकावं लागतं.

नवे एपी खोक्यातून निघतात तेव्हा अनेकदा ८० मेगाहर्ट्झ रुंदीवर असतात. घरात एकच राउटर असतो तिथे ते छान. ऑफिसात मात्र ८० केलं की रडारमुक्त नऊ चॅनेलची दोनच उरतात. ४० केलं की चार. म्हणून सहापेक्षा जास्त एपी असतील तर २० मेगाहर्ट्झ ठेवा. स्पीड टेस्टचा आकडा घटेल आणि कुणीतरी तक्रारही करेल. पण नव्वद माणसांचे कॉल एकाच वेळी चालतील, आणि ऑफिसात तेच मोजायचं असतं.

वरच्या मजल्यांवर आणखी एक गोष्ट पाहा. ऐरोली-घणसोलीकडच्या उंच इमारतींत किंवा घोडबंदर रोडला खिडकीशी उभं राहिलात, तर १४९ ते १६५ मध्ये समोरच्या गच्चीवरच्या वायरलेस लिंक ऐकू येऊ शकतात. इंटरनेट पुरवणारे दोन इमारतींमध्ये अशा ५.८ गिगाहर्ट्झच्या लिंक टाकतात. खिडकीकडच्या एपींना ३६ ते ४८ द्या, आणि १४९ च्या पुढची चॅनेल मजल्याच्या आतल्या बाजूला, लिफ्टच्या भिंतीआड वापरा.

डीएफएसचं तंत्र समजून घेऊन मगच ती चॅनेल घ्या. अशा चॅनेलवर सुरू होण्याआधी एपी ६० सेकंद नुसता ऐकतो. नंतर कधीही रडारचा स्पंद ओळखला की १० सेकंदांत चॅनेल सोडतो आणि ३० मिनिटं तिथे परत येत नाही. त्या एपीवरचे सगळे कॉल तेव्हा तुटतात. हवामान खात्याचं मुंबईतलं वेरावलीचं डॉप्लर रडार सी-बँडचं आहे, आणि हवामानाची सी-बँड रडारं ज्या टापूत चालतात तिथेच १२०, १२४, १२८ ही चॅनेल येतात. ही तीन सोडूनच द्या. बाकी डीएफएस चॅनेल एकेक करून चालू करा आणि दोन आठवडे कंट्रोलरच्या लॉगमध्ये ‘रडार डिटेक्टेड’ शोधा. येऊरचा डोंगर आड आहे म्हणून ठाण्यात काही होणार नाही, असं गृहीत धरू नका. एका चॅनेलवर दोनदा नोंद आली की ते यादीतून काढा.

चॅनेल आपोआप निवडण्याची सोय कंट्रोलरमध्ये असते. ती रात्री दोनला चालेल अशी लावा. भर दुपारी अकरा एपींनी एकदम चॅनेल बदलले की काय होतं, ते बघायची वेळ येऊ देऊ नका.

पायरी ५: पॉवर कमी करा

रोमिंगच्या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे सापडतं, म्हणून जरा थांबून बघू.

कोणत्या एपीवर राहायचं हे फोन ठरवतो, एपी नाही. आयफोन सिग्नल उणे ७० डीबीएमच्या खाली जाईपर्यंत दुसरा एपी शोधायलाच लागत नाही. शोधल्यावरही, कॉल चालू असताना नवा एपी ८ डीबीने आणि नुसता खिशात असताना १२ डीबीने चांगला असेल तरच उडी मारतो. मॅकबुक उणे ७५ पर्यंत थांबतं. अँड्रॉइडचे फोन कंपनीनुसार वेगळे वागतात.

आता रिसेप्शनचा एपी २३ डीबीएमवर आहे आणि दुसरा एपी शेवटच्या डेस्कच्या डोक्यावर, असं धरा. कॉलवर बोलत माणूस निघाला. रिसेप्शनला सिग्नल उणे ४५, खांबापाशी उणे ५८, काचेच्या दारात उणे ६६, शेवटच्या डेस्कपाशी उणे ६९. डोक्यावरचा एपी उणे ५२ ने ऐकू येतोय, तरी फोन हलत नाही, कारण ७० ओलांडलेलेच नाहीत. दांड्याही पूर्ण दिसतात. मात्र फोनची स्वतःची पॉवर साधारण १३ डीबीएम, एपीपेक्षा १० ने कमी. त्यामुळे रिसेप्शनच्या एपीला फोनचा आवाज उणे ७९ ने पोचतो. या माणसाला समोरच्याचं सगळं ऐकू येतं, आणि समोरचा म्हणतो, ‘तुझा आवाज तुटतोय रे.’

हा एपी १४ डीबीएमवर आणला की प्रत्येक आकडा ९ ने खाली येतो. खांबापाशी उणे ६७, दारात उणे ७५. खांब आणि दार यांच्यामध्ये फोन स्वतःहून पुढच्या एपीवर जातो.

म्हणून ५ गिगाहर्ट्झला १४ ते १७ डीबीएम आणि २.४ ला त्याहून ६ ने कमी, म्हणजे ८ ते ११. पॉवर ‘ऑटो’ ठेवायची असेल तर किमान आणि कमाल मर्यादा याच आकड्यांवर बांधा. कमी केल्यावर पायरी २ चा नकाशा घेऊन पुन्हा फिरा. कुठे उणे ६७ च्या खाली भोक पडलं, तरच तिथे नवा एपी.

पायरी ६: एसएसआयडी आणि जुने वेग

प्रत्येक एपी नेटवर्कच्या प्रत्येक नावासाठी, म्हणजे एसएसआयडीसाठी, दर १०२.४ मिलिसेकंदांना ‘मी आहे’ असा बीकन पाठवतो, आणि तो सगळ्यात कमी वेगाने जातो. ३०० बाइटचा बीकन १ एमबीपीएसवर साधारण २.६ मिलिसेकंद हवा अडवतो, म्हणजे अडीच टक्के. ‘स्टाफ’, ‘गेस्ट’, ‘सीसीटीव्ही’, ‘डायरेक्टर’, ‘प्रिंटर’ अशी पाच नावं आणि एकाच चॅनेलवर ऐकू येणारे चार एपी: वीस बीकन, पन्नास टक्के हवा. अजून कुणी एक मेलही पाठवलेला नाही.

नावं तीनच्या वर नेऊ नका. विभाग वेगळे ठेवायचे असतील तर एकाच नावाखाली व्हीलॅनने, म्हणजे त्याच तारांवर आखलेल्या वेगवेगळ्या आभासी जाळ्यांनी, ठेवा. मग २.४ वर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे वेग बंद करून किमान वेग १२ करा. तोच बीकन आता पाव मिलिसेकंदाच्या आत संपतो. लांबून चिकटून राहणारी उपकरणंही यामुळे सुटतात. हे करण्याआधी हजेरीचं मशीन आणि सगळ्यात जुना स्कॅनर मात्र जोडून बघा. एखादं फार जुनं मशीन फक्त जुने वेगच बोलतं, ते केबलवर न्या.

पायरी ७: रोमिंगची सेटिंग

सगळ्या एपींवर नाव, पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार आणि व्हीलॅन एकसारखे हवेत. एका जरी एपीवर व्हीलॅन वेगळा राहिला, तर फोन तिथे जातो, आयपी जुनाच धरून बसतो आणि कॉल मरतो. स्विचच्या ट्रंक पोर्टवर (जिथून अनेक व्हीलॅन एकत्र जातात) तो व्हीलॅन टाकायचा राहणं, ही इथली नेहमीची चूक.

८०२.११के चालू करा. शेजारी कोणते एपी कोणत्या चॅनेलवर आहेत याची यादी फोनला मिळते आणि शोधण्याचा वेळ वाचतो. ८०२.११व्ही चालू करा. त्याने एपी फोनला ‘पलीकडे जा’ असं सुचवू शकतो, ऐकायचं की नाही ते फोनच्या हातात. ८०२.११आर मात्र विचार करून. सर्व्हरवरून लॉगिन होणाऱ्या नेटवर्कवर प्रत्येक उडीला पूर्ण ओळखपरेड करायला काहीशे मिलिसेकंद लागतात. ‘आर’ने ते ५० च्या आत येतं. पण काही जुने स्कॅनर आणि प्रिंटर ‘आर’ चालू असलेलं नेटवर्क जोडूच शकत नाहीत. त्यांना दुसऱ्या नावावर ठेवा आणि स्टाफच्या नावावर ‘आर’ लावा.

कमकुवत उपकरणाला एपीने हाकलून देण्याचं सेटिंग अनेक कंट्रोलरमध्ये असतं. ते सगळ्यात शेवटी वापरा, आणि उणे ८० च्या वर नेऊ नका. ७० वर लावलं की कोपऱ्यातली माणसं जोडली जातात, हाकलली जातात, पुन्हा जोडली जातात.

विंडोज लॅपटॉपमध्ये इंटेलचं कार्ड असेल तर डिव्हाइस मॅनेजर, ॲडव्हान्स्ड टॅब, ‘रोमिंग ॲग्रेसिव्हनेस’. मुळात मीडियम असतं. चिकटणाऱ्या लॅपटॉपवर एक घर वर न्या, पण आधी ड्रायव्हर नवा करा.

चाचणीसाठी लॅपटॉपवर गेटवेला, म्हणजे ऑफिसच्याच राउटरला, सतत पिंग लावा. इंटरनेटवरच्या पत्त्याला नको, नाहीतर बाहेरच्या लाइनचा दोष वायफायच्या माथी येईल. सोबत फोनवर कॉल चालू ठेवा आणि नकाशावरच्या वाटेने साध्या चालीने चाला. दोन पिंग चुकले तर ठीक, पाच-सहा चुकले तर ती जागा नकाशावर खूण करा.

गोदामं

तुर्भे, तळोजा किंवा भिवंडीच्या गोदामात ऑफिसचे नियम तसेच्या तसे लागत नाहीत. छप्पर पत्र्याचं, रॅक लोखंडी, आणि एपी १० मीटर उंचीवर. तिथून सगळे एपी एकमेकांना स्वच्छ बघतात, आणि खाली दोन रॅकमधल्या गल्लीत स्कॅनरला मात्र काही ऐकू येत नाही. गल्लीच्या टोकाला, ४ ते ५ मीटर उंचीवर, गल्लीच्या लांबीकडे तोंड केलेला डायरेक्शनल (एकाच दिशेला जोर देणारा) अँटेना लावा. एपी लोखंडी तुळईवर ठेवायचा नाही, तिच्या खाली लटकवायचा.

एपीची केबल स्विचपासून १०० मीटरच्या आत हवी, पॅच कॉर्ड धरून. लांब गोदामात मधे एक स्विच ठेवून तिथपर्यंत फायबर ओढा. पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच मिळणारी वीज, मोजून घ्या: ८०२.३एएफ पोर्ट १५.४ वॅट देतो, एटी ३० वॅट. नव्या एपीला कमी वीज मिळाली तर तो चालू दिसतो, पण एखादा रेडिओ बंद किंवा पॉवर कमी करून चालतो. दोष हवेत शोधत बसायच्या आधी कंट्रोलरवर पीओईची सूचना आहे का बघा. बाहेर लोडिंग बेवर लावलेल्या एपीची केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली बंद जोडणी) पावसाआधी, मे महिन्यात उघडून तपासा. खाडीच्या खाऱ्या हवेत पितळी टोकं हिरवी पडतात. केबलला खाली एक वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल आणि आत शिरणार नाही.

मोजणी माल भरलेला असताना करा. कागदी खोकी सिग्नल जवळपास सोडतात, पण पाण्याच्या बाटल्या आणि तेलाचे डबे तो गिळून टाकतात. दिवाळीआधी रॅक वरपर्यंत भरले की जूनमधला नकाशा खोटा ठरतो. सप्टेंबरअखेर पुन्हा एकदा गल्ल्यांतून स्कॅनर घेऊन फिरा आणि प्रत्येक गल्लीच्या मधोमध, कमरेच्या उंचीवर, आकडा टिपा.